वळकटीत गुंडाळलेलं घराणं

रमजानच्या विसाव्या रोजाची संध्याकाळ. मगरिबची अजान व्हायला अजून वेळ असतो. घराघरांत भजी तळण्याची, फळं चिरण्याची गडबड चाललेली असते. अशा वेळी औशाच्या जुन्या वस्तीतून कुणी ना कुणी काखेत वळकटी मारून मशिदीकडे निघालेलं दिसतं. इतिकाफला बसणारी ही मंडळी. सूर्य मावळायच्या आत मशिदीत जायचं आणि ईदचा चाँद दिसेपर्यंत बाहेर पडायचं नाही, असा हा शेवटच्या दहा दिवसांचा रिवाज. मशिदीचा एक कोपरा, दोरीवर टाकलेली एक चादर, हातात तस्बीह, उशाशी कुराण शरीफ. एवढाच संसार.

त्या वळकटीत काय असतं? एखादी सोलापुरी चादर, पातळशी उशी आणि पुष्कळदा घरातली जुनी वाकळ. खरं तर घरात मऊ ब्लँकेट असतं, गादी असते. मुलं म्हणतात, ‘अब्बा, ते घेऊन जा.’ पण वडीलधाऱ्यांचा हात वाकळेकडेच जातो. ती अंथरता येते, पांघरता येते, पहाटे चटकन घडी करून बाजूला ठेवता येते. शिवाय तिच्यावर फार गाढ झोप लागत नाही. इतिकाफच्या रात्री झोपण्यासाठी नसतातच.

या निवडीला एक जुना आधारही आहे. पैगंबर साहेबांचं अंथरूण चामड्याचं होतं आणि त्यात खजुराच्या झाडाची साल भरलेली होती, असं हदीसमध्ये येतं. ‘शमाइल’ या ग्रंथात हजरत हफ्सा यांची एक हकीकत आहे. त्या एक जाडंभरडं कापड दुहेरी करून अंथरीत. एका रात्री जरा आराम मिळावा म्हणून त्यांनी त्याच्या चार घड्या केल्या. सकाळी पैगंबर साहेबांनी विचारपूस केली आणि ते पूर्वीसारखंच अंथरायला सांगितलं. त्या मऊपणानं रात्रीच्या नमाजला उठू दिलं नाही, अशी त्यांची तक्रार होती.

दोन घड्या की चार, एवढ्या बारीक गोष्टीची आठवण चौदाशे वर्षं जपली गेली. आपल्या घरातल्या वाकळेला किती थर आहेत आणि ते कुणाचे आहेत, हे मात्र दोन पिढ्यांत विसरलं जातं.

थरावर थर

पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात, तीच मराठवाड्यातली वाकळ. दखनी बोलणाऱ्या घरांत ती गोदडी होते. कर्नाटकाच्या बाजूला सरकलं की तिला कौदी म्हणणारे भेटतात. नावं वेगळी, वस्तू एकच. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि हातानं टाके घालून ते एकजीव करायचे.

लेप, रजई किंवा दुलई हा प्रकार वेगळा. त्यात पिंजलेला कापूस भरतात आणि ते काम पिंजाऱ्याचं. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखली जाणारी ही मुस्लिम कारागिरांची जमात. पूर्वी खांद्यावर पिंजण घेऊन पिंजारी गल्लीत यायचा आणि ताणलेल्या तातीचा आवाज चार घरं पलीकडे ऐकू जायचा. गादी असो की लेप, हिंदू घर असो की मुस्लिम, कापूस त्याच्याच हातून मोकळा व्हायचा. यंत्रं आली आणि तो आवाज गेला.

वाकळेला मात्र कधी कारागीर लागला नाही. ती घरातल्या बाईचीच. सुगी आटोपली, उन्हाळा लागला, अंगण मोकळं झालं, की वर्षभर गाठोड्यात बांधून ठेवलेली लुगडी, धोतरं, लुंग्या, दुपट्टे बाहेर निघत. कापड धुवून वाळवायचं. विरलेला भाग फाडून टाकायचा, धड भाग ठेवायचा. सर्वांत खाली मजबूत लुगडं पसरायचं आणि वारा उडवू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मधल्या थरांत विटकं, ठिगळाचं, रंग उडालेलं काहीही चालतं, कारण ते दिसणार नसतं. वरच्या थराला त्यातल्या त्यात देखणं कापड. इरकलीचा काठ असला तर तो चारी बाजूंनी फिरवायचा. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत टाके मध्यभागी पोचतात.

टाका एका बोटाच्या अंतराचा असला तर वाकळ वर्षानुवर्षं टिकते. लांब टाका पडला की आतलं कापड सरकतं आणि गोळे होतात. शिवणारीचा स्वभाव टाक्यांत उतरतो, असं जुन्या बायका म्हणत. एकाच वाकळेवर एका कोपऱ्यात बारीक आणि दुसऱ्या कोपऱ्यात मोठे टाके दिसले, तर ओळखावं की दोन जणी बसल्या होत्या. एक सासू असेल, एक नवी सून. सुनेला सुई धरायला शिकवण्याची ती शाळाच होती.

वाकळ जुनी झाली म्हणून टाकत नसत. वरचं कापड फाटलं की त्यावर नवा थर चढायचा. म्हणून खऱ्या वडिलोपार्जित वाकळेचं वजन पिढीगणिक वाढत जातं. वरचा थर नातीच्या सलवार-कमीजचा, त्याखाली आईच्या साडीचा, त्याखाली आजीच्या लुगड्याचा आणि तळाशी पणजोबांच्या धोतराचा किंवा तहमदीचा. जमिनीत जसे थर असतात तसे. शेजारी झोपलेली नात टाक्यांवर बोट फिरवत विचारते, ‘दादी, ये टुकडा किसका?’ दादी अंधारातही कापड चाचपून सांगते. घराण्याचा इतिहास असा झोपेच्या आधी सांगितला जायचा. तो कागदावर कुणी उतरवला नाही.

शेजारणीचा काठ

मुस्लिम घरातली जुनी वाकळ उसवून पाहिली, तर तिच्यात फक्त त्या घरचंच कापड निघेल असं नाही. आपल्या गाठोड्यात लुगडं कमी पडलं की बाई शेजारणीकडे मागायची. शेजारीण देशमुखाची असो, लिंगायत वाण्याची असो, तांबोळ्याची असो की मांगवाड्यातली. पुढच्या उन्हाळ्यात तिला गरज पडली की इकडून दुपट्टा जायचा. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीतल्या कित्येक मुस्लिम बायकाही लुगडंच नेसत. त्यामुळे कोणता काठ कोणाच्या घरचा, हे शिवणारीलाच ठाऊक.

बाळंतपणातही हेच. नव्या बाळाला कोरं कापड टोचतं, म्हणून त्याचं दुपटं घरातल्या सर्वांत जुन्या, धुवून धुवून मऊ झालेल्या लुगड्याचं शिवतात. बाळाला पहिला स्पर्श आजीच्या कापडाचा व्हावा, ही रीत दोन्हीकडे आहे. बारशाला असो की अकीक्याला, दुपटं बदलत नाही.

धुण्याच्या ऋतूत तेवढा फरक. घटस्थापनेच्या आधी हिंदू घरांतल्या वाकळा बाहेर निघतात. मुस्लिम घरांत शबे-बरात गेली की रमजानच्या तयारीत अंथरूण-पांघरूण धुवून पाक केलं जातं. तेरणा असो की तावरजा, काठचे दगड तेच आणि वाकळ आपटणारे हातही तितकेच दमलेले. भिजलेली वाकळ एका माणसाला उचलत नाही. पिळायला दोघी लागतात, एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा घागरीचा हिशेब जिथं जमत नव्हता तिथं वाकळ कोण धुणार? दुष्काळाची खूण विहिरीत जशी दिसते, तशी न धुतलेल्या वाकळेतही दिसते.

याच औशात नाथ संस्थानची चक्रीभजनाची परंपरा आहे. पंढरीच्या वाटेवर रात्री कुठल्यातरी ओसरीवर वारकरी जी वळकटी सोडतो आणि रमजानमध्ये मशिदीच्या कोपऱ्यात जी वळकटी सोडली जाते, त्या दोन्हींत फारसं वेगळं काही निघत नाही.

ठिगळांचा मान

ठिगळ म्हणजे गरिबी, अशी आपली आजची समजूत. धर्माच्या इतिहासात मात्र ठिगळाला मोठा मान आहे. पैगंबर साहेब घरात काय करीत, असं विचारल्यावर हजरत आयशा यांनी सांगितलं होतं, की ते आपले कपडे स्वतः शिवत, चप्पल स्वतः दुरुस्त करीत. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या हाती मोठी सल्तनत होती, तरी त्यांच्या अंगावरच्या कपड्याला ठिगळं असल्याच्या रिवायती आहेत. सूफींचा खिरका हा तर अनेकदा ठिगळांचाच झगा. पीर आपल्या मुरिदाला तो देतो, तेव्हा कापडासोबत जबाबदारीही देतो. खुलदाबादला हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यात पैगंबर साहेबांचा म्हणून मानला जाणारा पोशाख जपलेला आहे. ईद-ए-मिलादला त्याचं दर्शन घेण्यासाठी लोक दुरून येतात. मराठवाड्याला जुन्या कापडाची किंमत कळते, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता?

आणि आपले गाडगेबाबा. अंगावर चिंध्या जोडलेली गोधडी, म्हणून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ही म्हणत. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तोवर लाखो रुपयांच्या धर्मशाळा आणि शाळा त्यांच्या शब्दावर उभ्या राहिल्या होत्या. अंगावरची चिंधी मात्र त्यांनी बदलली नाही.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं

मराठवाड्यातल्या वाकळेनं थंडीच तेवढी पाहिलेली नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या त्रासानं अनेक हिंदू कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर याच भागातल्या मुस्लिम कुटुंबांवर पळण्याची वेळ आली. दोघांनीही गाव सोडताना वाकळच पसरली, तिच्यात हाताला लागलं ते टाकलं आणि चार टोकांची गाठ मारली. वाकळ अंथरूण असते, पांघरूण असते आणि वेळ आली की गाठोडंही होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांच्या सोबत ती होती. आजही दर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांवर ती असतेच.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारी हे औसा तालुक्यातलंच गाव. तिथं आणि आजूबाजूच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास ८ हजार माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. पुढे ५२ गावं जुनी जागा सोडून नव्यानं वसवली गेली.

त्यानंतरच्या दिवसांत देशभरातून, परदेशांतूनही ब्लँकेटांचे ट्रक आले. त्या मदतीचं मोल मोठंच. तरीही ढिगाऱ्यातून आपल्या घरची वाकळ ओढून काढताना माणसं हटत नव्हती. भांडं नवं मिळतं, पत्र्याचं शेड मिळतं, पुढे घरही मिळतं. ज्या घरात फोटो कधी काढलाच नव्हता, तिथं गेलेल्या आईची सर्वांत जवळची खूण तिच्या हातचे टाके हीच होती.

ती पहाटेची वेळ रमजानमध्ये सहेरीच्या तयारीची असते. चंद्राच्या कालगणनेमुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि साधारण ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंची फेरी पूर्ण करतो. १९९३ चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला होता. २०२६ चाही तसाच. म्हणजे भूकंपाच्या वर्षीचा रमजान ज्या हवेत आला, त्याच हवेत तो एक फेरा करून परतला आहे. १९६६ आणि १९९८ मध्ये डिसेंबरच्या थंडीत लोक वाकळ अंगाभोवती लपेटून सहेरीला बसले. २०३० मध्ये तर रमजान जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, असा दोनदा सुरू होईल. नीट राखलेली वाकळ असा एक फेरा सहज पाहते. प्रश्न एवढाच, की १९९८ च्या सहेरीला जी अंगावर होती, ती २०३० ला घरात असेल का?

बाजार आणि बोहारीण

बहुतेक घरांत तिचं उत्तर माळ्यावर पडलेलं आहे. पानिपतची मऊ ब्लँकेटं स्वस्त झाली, रंगीत आहेत, लग्नात आहेर म्हणून चार-चार येतात. वाकळ पाहुण्यांसमोर काढायची लाज वाटू लागली. कापडही बदललं. सुती लुगडं जसजसं जुनं होतं तसतसं मऊ होतं आणि घाम शोषतं. पॉलिएस्टर साडी निसरडी, तिच्यात टाका धरत नाही आणि उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते. शिवाय जुने कपडे घरात साचतच नाहीत. बोहारीण येते आणि स्टीलच्या पातेल्यावर गाठोडं घेऊन जाते.

गंमत अशी, की औशाच्या माळ्यावर जी अडगळ आहे, ती शहरातल्या दुकानांत ‘हस्तकला’ म्हणून मांडलेली आहे. बचत गटाच्या बायका आता गोधड्या शिवून विकतात आणि त्यातून त्यांच्या हातात चार पैसे येतात, हे चांगलंच आहे. उत्तर कन्नडातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया, ज्यांत मुस्लिम, हिंदू आणि ख्रिस्ती तिन्ही आहेत, त्यांची कवंदी कलादालनांत पोचली. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये तिथल्या टपाल तिकिटांवर आल्या. त्या बायकांनीही थंडीसाठीच शिवल्या होत्या. जगानं त्यांची नावं विचारली, हा फरक.

आपल्याकडे नाव विचारायची सवय नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असतं, मशिदीच्या देणगीच्या पाटीवर वडिलांचं, लग्नाच्या पत्रिकेवर काकांचं. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरवलं. त्याआधीच्या कितीतरी बायकांचा घरातला एकमेव लेखी पुरावा म्हणजे त्यांनी घातलेले टाके.

वाकळ कुणाला?

जकातीचा हिशेब याच महिन्यात होतो. सोनं, चांदी, रोकड, व्यापाराचा माल यांवर अडीच टक्के. घरातल्या वापराच्या वस्तू त्यात धरत नाहीत. म्हणजे जकातीच्या वहीत वाकळेला किंमत नाही. विरासतीत मात्र उलट आहे. माणूस गेल्यावर त्याची प्रत्येक वस्तू, अगदी सुई-दोऱ्यापर्यंत, वारसांची होते. त्यात मुलींचाही वाटा कुराणनं ठरवून दिलेला आहे.

इथंच घराघरांत पेच पडतो. आई गेली की तिचे कपडे आणि अंथरूण तिच्या नावानं सदका म्हणून गरिबाला देण्याची पद्धत आहे. हिंदूंमध्ये शय्यादान आहे, तसंच काहीसं. भाऊ पुण्य म्हणून वाकळ देऊन टाकतो. बहीण सासरहून येते आणि विचारते, ‘अम्मीची गोदडी कुठंय?’ शेतीचा वाटा तिनं मागितलेला नसतो, दागिन्यांवर बोललेली नसते. तिला ती एकच वस्तू हवी होती. त्या वाक्यानंतर दोन-दोन वर्षं ईदला भाऊ-बहिणीचं जाणं-येणं थांबलेली घरं आहेत.

यात चूक कुणाची, हे ठरवणं अवघड आहे. थंडीत कुडकुडणाऱ्याला पांघरूण देणं हे सवाबचंच काम. पण वस्तू सर्व वारसांची असेल, तर ती सर्वांच्या राजीखुशीनं द्यायची असते, हाही शरियतचाच दंडक आहे. वाकळ कापून वाटता येत नाही. दोन तुकडे केले तर टाके सुटतात. सोपा मार्ग जुन्या जाणत्या बायकांना ठाऊक होता. हातपाय चालते आहेत तोवर ज्याला द्यायची त्याच्या हातात वाकळ त्या स्वतः ठेवत. धर्मशास्त्रात याला हिबा म्हणतात, घरात ‘दादीनं दिली’ म्हणतात. आणि गरिबासाठी? त्याच्यासाठी त्या वेगळी वाकळ शिवून ठेवत, चांगली, नव्या थराची. आपल्याला नको झालेलं दुसऱ्याला देणं याला त्या दान म्हणत नसत.

ईदला अजून काही दिवस आहेत. नव्या कपड्यांसाठी कपाट रिकामं करताना जुनं गाठोडं बोहारणीला देण्याआधी एकदा उघडावं. माळ्यावरची वाकळ उतरवून दोन दिवस कडक ऊन द्यावं, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती कापडात बांधावी. घरात जी वयस्कर बाई असेल तिच्याजवळ बसून एकेका तुकड्याबद्दल विचारावं आणि जे ती सांगेल ते वहीत लिहून ठेवावं. दोन पानांत घराण्याची शंभर वर्षं मावतात. जमल्यास एका कोपऱ्यात कापडाची छोटी पट्टी लावून शिवणारीचं नाव रंगीत दोऱ्यानं टाकावं.

दादी असेल तर ते नाव तिच्याच हातून टाकून घ्यावं. डोळ्यांना कमी दिसत असेल, तर सुईत दोरा ओवून द्यायला घरात कुणी ना कुणी असतंच.